पिट्सबर्गचं जुनं काउंटी कोर्ट नीट कसं बघायचं (आधी दार कुठलं ते समजून घ्या)

ग्रँट स्ट्रीटवरच्या ज्या बुटक्या दारातून आज सगळे कोर्टात शिरतात ते दार मुळात तळघराचं आहे. हे एवढं एक डोक्यात ठेवून गेलात ना तर बाकीची निम्मी इमारत आपोआप उलगडते, आणि हे माहीत नसेल तर माझ्यासारखं होतं, पहिल्यांदा गेले तेव्हा आत शिरल्यावर वाटलं की एवढं नाव ऐकलंय आणि हे काय, छत डोक्यावर आल्यासारखं, अंधारं, एखाद्या जुन्या रेल्वे स्टेशनच्या पार्सल ऑफिसात आल्यासारखं. मी तेव्हा ज्युरी ड्यूटीचं, म्हणजे खटल्यात पंच म्हणून बसायच्या नागरिकांच्या पाळीचं पत्र घेऊन गेले होते. सिटिझनशिप मिळाल्यावर पहिलं सरकारी बोलावणं तेच. ज्युरी ड्यूटीत काम थोडं आणि बसणं फार, त्यामुळे दिवसभर जिने, कमानी, खिडक्या बघत बसले, आणि संध्याकाळी घरी येऊन वाचत सुटले. त्यानंतर आई-बाबांना नेलं, सासूबाईंना नेलं, भारतातून आलेल्या दोन मैत्रिणींना नेलं. आता कोणी पाहुणे आले की वेंकटेश्वर मंदिर, इन्क्लाइन (डोंगरउतारावर चढणारी छोटी रेल्वे) आणि हे कोर्ट असा आमचा ठरलेला कार्यक्रम असतो. तर तो कसा करायचा ते एकदाच नीट लिहून टाकते.

आधी थोडं जाण्याबद्दल. हे म्युझियम नाहीये, चालू कोर्ट आहे. अ‍ॅलेगेनी काउंटीचं, म्हणजे आपल्याकडच्या जिल्हा न्यायालयासारखं, फौजदारी खटले इथेच चालतात. त्यामुळे शनिवार-रविवार जाऊन काही उपयोग नाही, आत जाता येत नाही. कामाच्या दिवशी जा, आणि सकाळी आठ-साडेआठला जाऊ नका कारण तेव्हा वकील, ज्युरी, तारखेला आलेली माणसं अशी सगळी एकदम सिक्युरिटीच्या रांगेत असतात. दहानंतर निवांत असतं. गाडी आणूच नका, डाउनटाउनला पार्किंग महाग आहे. नॉर्थ शोअरला कुठेतरी गाडी लावून ट्राम पकडा, तिला इथे नुसतं "टी" म्हणतात, डाउनटाउनच्या भागात ती फुकट आहे, आणि स्टील प्लाझा स्टेशनला उतरलात की पाच-सात मिनिटं चालायचं.

सिक्युरिटीला बॅग मशीनमधून जाते, तेव्हा बॅग घरी एकदा झटकून घ्या. आमच्या सासूबाईंच्या पर्समध्ये अडकित्ता निघाला. आता त्या गार्डला अडकित्ता म्हणजे काय ते इंग्रजीत समजावताना माझी जी तारांबळ उडाली ती विचारू नका, सुपारी म्हणजे काय इथपासून सुरुवात. चूक आमचीच होती, परत जाऊन गाडीत ठेवून आलो, आणि त्या दिवशी गाडी पार लांब लावली होती.

फोटोचं असं आहे की बाहेर, चौकात हवे तेवढे काढा. आत आधी विचारा, आणि कोर्टरूममध्ये तर फोन बाहेर काढायचाच नाही.

आता जायच्या आधी पाच मिनिटांचा इतिहास, तो घरीच वाचून जा म्हणजे तिथे उभं राहून फोनवर शोधावं लागणार नाही. ही काउंटी १७८८ सालची. पहिलं कोर्ट आजच्या मार्केट स्क्वेअरवर होतं. मग कारभार वाढला तसं दुसरं कोर्ट ग्रँट्स हिल नावाच्या टेकडीवर बांधलं, साधारण १८४० च्या सुमाराला, जॉन चिझलेट नावाच्या आर्किटेक्टचं, ग्रीक देवळासारखं, पुढे खांब आणि वर घुमट. टेकडीचं नाव मेजर जेम्स ग्रँटवरून, १७५८ मध्ये तो इंग्रजांच्या बाजूने फ्रेंचांचा डुकेन किल्ला घ्यायला आला आणि इथे सपाटून मार खाऊन गेला. हरलेल्या माणसाचं नाव टेकडीला, रस्त्याला, सगळ्याला दिलंय, मला हे फार आवडतं.

त्या दुसऱ्या कोर्टाचा दगड मऊ होता, इथलाच वालुकाश्म, आणि पिट्सबर्गचा तेव्हाचा धूर म्हणजे काय विचारता, लोखंडाचे कारखाने आणि कोळसा, दिवसाढवळ्या रस्त्यावर दिवे लावायला लागायचे असं शहर. दगड झिजला, पोपडे निघाले, आणि शेवटी ७ मे १८८२ ला इमारत जळाली. मग १८८३ मध्ये काही निवडक आर्किटेक्टना बोलावून स्पर्धा घेतली आणि ती जिंकली हेन्री हॉब्सन रिचर्डसनने. काम सुरू झालं १८८४ ला, मागचं जेल आधी उठलं १८८६ मध्ये, कोर्ट पूर्ण झालं १८८८ मध्ये. पण रिचर्डसनने ते पूर्ण झालेलं पाहिलंच नाही. किडनीच्या आजाराने तो एप्रिल १८८६ मध्ये गेला, वय फक्त ४७. त्याच्या ऑफिसातल्या तिघांनी, शेप्ली, रुटान आणि कूलिज यांनी, काम तडीस नेलं. म्हणतात की शेवटच्या दिवसांत त्याच्या तोंडी पिट्सबर्गच होतं, हे एक पूर्ण झालेलं बघायला मिळालं की मग काही मागणं नाही अशा अर्थाचं. त्याचं बॉस्टनचं ट्रिनिटी चर्च तेव्हा देशभर गाजलेलं होतं, तरी त्याला स्वतःला मात्र हे कोर्ट त्याच्यापेक्षा मोठं वाटत होतं.

बस, एवढा इतिहास पुरे. आता चला.

आधी आत जायचं नाही. ग्रँट स्ट्रीटच्या पलीकडच्या फुटपाथवर जा, जिथे फ्रिक बिल्डिंग आहे. तिच्या भिंतीला पाठ टेकवून उभं राहा आणि समोर बघा. मधोमध उंच टॉवर, कोपऱ्यांना गोल बुरुजासारखे भाग, उतरती छपरं, आणि सगळीकडे गोल कमानी. ह्या शैलीला रोमनेस्क म्हणतात, म्हणजे युरोपातली हजारेक वर्षांपूर्वीची चर्च, मठ वगैरे ज्या धर्तीवर बांधायचे ती, पण रिचर्डसनने ती इतकी स्वतःची करून घेतली की नंतर तिला त्याचंच नाव जोडलं गेलं, रिचर्डसोनियन रोमनेस्क. ओळखायची सोपी खूण अशी की कमान अर्धगोल आहे का टोकदार ते बघायचं. आपलं मुंबईचं हायकोर्ट ह्याच्या फक्त दहा वर्षं आधी, १८७८ ला पूर्ण झालेलं, तिथे सगळं टोकदार, सगळं वर वर ओढलेलं, ते गॉथिक. इथे उलट आहे, इमारत जमिनीवर मांडी घालून बसल्यासारखी वाटते. दहाच वर्षांच्या अंतराने, एकाच कामासाठी बांधलेल्या दोन इमारती आणि स्वभाव बघा किती वेगळे.

आता नजर रस्त्याच्या पातळीवर आणा. दारं दिसतील, लहान, बुटकी. मग मान वर करून एक मजला चढा, आणि मोठ्या कमानी बघा. मूळचा दरवाजा तिथे होता. म्हणजे आज तो हवेत आहे!

झालं असं की ग्रँट्स हिलच्या त्या टेकाडाला इथे सगळे "हंप" म्हणायचे आणि घोडागाड्यांना, नंतर ट्रामना तो चढ म्हणजे डोकेदुखी होती. शहराने तो टप्प्याटप्प्याने खणून कमी केला, शेवटचा मोठा घाव १९१२-१३ मध्ये. रस्ता इथे साधारण एका मजल्याएवढा खाली गेला आणि कोर्टाचं दार वर लटकत राहिलं. गंमत म्हणजे रिचर्डसनला हे कधीतरी होणार ह्याचा अंदाज होता, म्हणून त्याने जमिनीखाली जाणारे काही थरसुद्धा नीट घडवलेल्या दगडाचे बांधून ठेवले होते, उघडे पडले तर वाईट दिसू नयेत म्हणून. फक्त रस्ता एवढा खाली जाईल असं त्याला वाटलं नव्हतं. मग दारापर्यंत चढायला बाहेर भला मोठा जिना बांधला. पुढे रस्ता रुंद करायचा ठरला तेव्हा तो जिनाही काढून टाकला आणि तळघराची नोकरचाकरांची दारं हीच मुख्य दारं झाली. तेव्हापासून जज्ज असो, आरोपी असो की अडकित्तेवाल्या आजी, सगळे तळघरातून.

ज्या फ्रिक बिल्डिंगला पाठ टेकलीय तिचंही तेच झालं बरं का. तीही हंप कापायच्या आधीची, १९०२ ची, आणि तिचंही तळघर रस्त्यावर आलं. समोरासमोरच्या दोन इमारतींचे पाय एकदम उघडे पडले.

फ्रिकचा विषय निघालाच आहे तर हेन्री क्ले फ्रिक म्हणजे कार्नेगीचा पार्टनर, इथला कोळशाचा आणि पोलादाचा राजा. १८९२ मध्ये होमस्टेडच्या कारखान्यात मोठा संप झाला, माणसं मेली, आणि त्या रागाने अलेक्झांडर बर्कमन नावाचा एक तरुण अराजकवादी न्यूयॉर्कहून आला आणि फ्रिकच्या ऑफिसात घुसून त्याच्यावर गोळ्या झाडल्या. फ्रिक वाचला. बर्कमनला मागच्या जेलमध्ये ठेवलं, ह्याच कोर्टात खटला चालला, २२ वर्षांची शिक्षा झाली, त्यातली १४ त्याने भोगली. आणि दहा वर्षांनी फ्रिकने कोर्टाच्या बरोब्बर समोर आपली वीस मजली इमारत उभी केली, जिची सावली आता कोर्टावर पडते. मी फुटपाथवर पाहुण्यांना उभं करून हे सांगते तेव्हा सगळे आधी वर बघतात आणि मग मागे वळून बघतात.

मग दगडाला हात लावा. खरंच लावा, कोणी काही म्हणत नाही. हा ग्रॅनाइट मॅसॅच्युसेट्समधल्या मिलफर्डचा, हलकी गुलाबी झाक असलेला करडा. पिट्सबर्गच्या आसपास दगड नव्हता असं नाही, पण मऊ दगडाची काय गत होते ते आधीच्या कोर्टाने दाखवलंच होतं. बांधणारे कंत्राटदारही मॅसॅच्युसेट्सचेच, नॉरक्रॉस ब्रदर्स, रिचर्डसनचे नेहमीचे. ह्या दगडाचा दर्शनी भाग तासून गुळगुळीत केलेला नाही, फोडल्यावर जसा निघाला तसा ओबडधोबड ठेवलाय, फक्त कडा आणि सांधे घट्ट बसवलेत. आपल्याकडे जुन्या गढ्या, वाड्यांची जोती बघितलेल्या माणसाला हे काम लगेच कळतं. माझे बाबा आयुष्यभर पीडब्ल्यूडीत होते, त्यांनी कमानींकडे ढुंकूनही बघितलं नाही, पंधरा मिनिटं नुसते सांधे बघत होते आणि शेवटी म्हणाले, "चुना कुठे दिसत नाही बघ." मी म्हटलं बाबा वर टॉवर आहे, तर म्हणाले, टॉवर कोणीही बांधेल.

तर तुमच्याबरोबर असा कोणी माणूस असेल तर त्याला इथे सोडा आणि तुम्ही पुढे जा.

टॉवर बघायचा तो नाक म्हणून. हे मला सगळ्यात आवडतं. वर सांगितलं तसा तेव्हा शहरात धूर एवढा होता की खिडकी उघडली की टेबलावर काजळी. आता कोर्टात शेकडो माणसं दिवसभर कोंडलेली, हवा तर पाहिजे. मग रिचर्डसनने काय केलं तर समोरचा टॉवर हवा आत ओढायला वापरला. धुराच्या थराच्या वरून, टॉवरच्या माथ्याजवळून हवा आत घ्यायची, खाली तळघरात आणायची, तिथून सगळ्या खोल्यांमध्ये फिरवायची, आणि वापरलेली हवा मागच्या बाजूच्या दोन लहान टॉवरमधून बाहेर सोडायची. म्हणजे पुढचा टॉवर श्वास घ्यायला आणि मागचे दोन श्वास सोडायला. आणि बाहेरून बघाल तर वाटेल शोभेसाठीच उभे केलेत. त्यात आणखी एक गोष्ट अशी की रिचर्डसन हा आईकडून जोसेफ प्रीस्टलीचा खापरपणतू की पणतू, एक मिनिट, प्रीस्टलीच्या नातीचा मुलगा, म्हणजे पणतू. तोच प्रीस्टली, शाळेत आपण ऑक्सिजनच्या शोधात ज्याचं नाव पाठ केलं तो. शेवटची वर्षं तो पेनसिल्व्हेनियातच राहिला आणि इथेच गेला. पणज्याने हवेतला ऑक्सिजन ओळखला आणि पणतूने त्याच राज्यात कोर्टाला स्वच्छ हवा पाजायला टॉवर बांधला. योगायोगच आहे, पण मी तो प्रत्येकाला सांगते.

आता आत. सिक्युरिटी झाली की त्या बुटक्या जागेत थोडं थांबा. इथे नाक मुरडू नका, हे तळघर आहे हे तुम्हाला आता माहितीये. मग एक मजला चढा आणि जिथून खरी इमारत सुरू व्हायची तिथे या. जुन्या दारातून आत आलेला माणूस थेट इथे पोचायचा आणि त्याच्या समोर हा मोठा दगडी जिना यायचा. जिन्याच्या कमानी एकीतून दुसरी, दुसरीतून तिसरी अशा दिसत जातात. त्या नीट दिसायला एक युक्ती सांगते. जिन्याच्या मध्यावरच्या सपाट जागेवर जा, कडेला भिंतीशी सरका म्हणजे वकिलांच्या वाटेत येणार नाही, आणि मग डोळे एका कमानीवर ठेवून हळूहळू दोन पावलं डावीकडे, दोन उजवीकडे व्हा. मागच्या कमानी पुढच्या कमानींमागे लपतात, परत निघतात. जवळपास काही नक्षी नाही. खांब आखूड, जाडजूड, आणि कमानी, आणि वरून खिडकीतला उजेड. बाहेर एवढा ओबडधोबड दगड आणि आत एकदम शांत काम, हा फरक लक्षात घ्या.

ह्याच मजल्यावर भिंतींवर मोठी चित्रं आहेत, व्हिन्सेंट नेस्बर्टची, १९३० च्या दशकाच्या शेवटी शेवटी केलेली. त्यात न्याय, शांतता, उद्योग वगैरे आहेत आणि त्या मार खाल्लेल्या मेजर ग्रँटची लढाईही आहे. मला चित्रं ठीक वाटतात, मंदीच्या काळातल्या सरकारी इमारतींमध्ये असतात तशी, दणकट माणसं आणि गंभीर चेहरे. दोन मिनिटं द्या आणि पुढे चला.

कोर्टरूम बघायची असेल तर चालू खटल्याला मागच्या बाकावर बसता येतं, खटले सहसा लोकांसाठी खुले असतात. दारावरच्या माणसाला विचारून जा, फोन बंद ठेवा, आणि मधूनच उठून येऊ नका, तिथे कोणाच्या तरी आयुष्याचा प्रश्न चाललेला असतो. ३२१ नंबरची कोर्टरूम मुद्दाम विचारा, ती १९८० च्या दशकात, इमारतीला शंभर वर्षं होत होती तेव्हा, जुन्या रूपात परत आणली. बाकीच्या खोल्यांमध्ये मधल्या काळात खोटी छतं, ट्यूबलाइटी वगैरे बरंच काही झालं, त्यामुळे ३२१ बघितल्याशिवाय मूळचं कसं होतं त्याची कल्पना येत नाही. तिथे काही चालू असेल तर बाहेरूनच परत फिरावं लागतं, आमचं दोनदा तसं झालं.

खोल्यांमध्ये असताना खिडक्या कुठल्या बाजूला आहेत ते बघा. इमारत म्हणजे मधे मोकळा चौक आणि चारी बाजूंनी खोल्या, थोडक्यात वाड्यासारखी, त्यामुळे बाहेरून रस्त्याचा उजेड आणि आतून चौकाचा.

चौकात जेवा. हो, डबा घेऊन जा. पोळीभाजी, दशम्या, काय असेल ते. इथे बाकं आहेत, झाडं आहेत, कारंजं आहे. एके काळी ह्या चौकात गाड्या लावायचे, पार्किंग करून टाकलं होतं, १९७० च्या दशकात ते काढून बाग केली. आणि ही इमारत खरी दिसते ती इथून. ग्रँट स्ट्रीटवर टॉवरच्या एकदम पायाशी असल्यामुळे तो डोक्यावर येतो, पूर्ण दिसत नाही, पण चौकाच्या मागच्या टोकाला जाऊन उलटं वळून बघितलं की टॉवर पूर्ण दिसतो, आणि आजूबाजूला कमानींच्या रांगा, खाली मोठ्या, वर लहान. रस्त्यावरच्या बाजूपेक्षा ह्या आतल्या भिंती मला जास्त आवडतात. बाहेर इमारत रुबाब करते, आत चौकात जरा सैलावते, घरी आल्यावर माणूस टाय सैल करतो तशी. दुपारी बारा-एकच्या सुमाराला ऊन सरळ चौकात येतं आणि दगडाचा गुलाबी रंग तेव्हाच नीट कळतो. तेव्हा वेळ साधा.

माझी आई इथे दीड तास बसली होती. तिला खटल्याला आलेली कुटुंबं दिसत होती, कोणी रडत होतं, एक जण नवीन शर्टाची घडी मोडून टॅग काढत होता. ती म्हणाली, सांगलीच्या कोर्टाबाहेर वडाखाली बसलेली माणसं अशीच असतात गं.

आता मागे, रॉस स्ट्रीटवर. कोर्टाला वळसा घालून मागच्या रस्त्यावर या आणि वर बघा. रस्त्यावरून एक बंद दगडी पूल कोर्टातून पलीकडच्या जुन्या जेलमध्ये जातो. त्याला ब्रिज ऑफ साइज म्हणतात, उसाशांचा पूल. मूळ पूल व्हेनिसचा, तिथल्या राजवाड्यातून तुरुंगात नेणारा, कैदी तिथून जाताना शेवटचं बाहेर बघून उसासा टाकायचे अशी कथा आहे. रिचर्डसनने तीच कल्पना उचलली, पण ती नुसती हौस नाही. कैद्याला रस्त्यावर न आणता, लोकांच्या समोरून न नेता, जेलमधून सरळ कोर्टात आणि शिक्षा झाली की सरळ परत, ही सोय होती. व्हेनिसचा पूल पाण्यावर आहे आणि नाजूक नक्षीचा, हा खालून बस जाते असा, जाड, भारी. खाली उभं राहून फोटो काढायचा तर सिग्नलला गाड्या थांबलेल्या असताना काढा, रस्त्याच्या मधे जाऊ नका, आमच्या एका पाहुण्यांनी जीव धोक्यात घातला होता.

आणि इथे आलात की जेलसाठी भरपूर वेळ ठेवा. खरं सांगू का, माझ्या मते कोर्टापेक्षा जेल भारी आहे. कोर्टाच्या इमारतीत टॉवर आहेत, बुरुज आहेत, खिडक्यांचे प्रकार आहेत, म्हणजे काहीतरी दाखवायचं होतं. जेलमध्ये दाखवायचं काही नव्हतंच. नुसती भिंत. मोठमोठे दगड, एकावर एक थर, जवळजवळ काही सजावट नाही, आणि मधे दारासाठी एक कमान, तिचे पाचरीसारखे दगड एवढे लांब की कमानीपेक्षा दगडच जास्त दिसतात. आर्किटेक्चर शिकणारी मुलं येऊन ह्या भिंतीची स्केचेस करत बसलेली असतात. भिंत सलग चालत जा, पूर्ण कोपरा वळून, हात दगडावर ठेवून. आतला आराखडा मधे एक अष्टकोनी जागा आणि तिच्यातून निघणारे कोठड्यांचे हात असा आहे, मधे उभ्या असलेल्या पहारेकऱ्याला सगळीकडे नजर टाकता यावी म्हणून. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जागा पुरेना म्हणून फ्रेडरिक ऑस्टरलिंग नावाच्या इथल्याच आर्किटेक्टने जेल वाढवलं, त्याने दगड आणि काम इतकं जुळवून घेतलं की जोड कुठे आहे ते शोधायला डोळे फोडावे लागतात. शोधून बघा.

जेलची एक गोष्ट इथे प्रत्येकाला माहीत असते. जानेवारी १९०२. एड आणि जॅक बिडल असे दोन भाऊ, खुनाच्या गुन्ह्यात फाशीची शिक्षा झालेले, आत होते. जेलरचं घर जेललाच लागून होतं, आणि जेलरची बायको, केट सॉफल, चार मुलांची आई, ती कैद्यांना बायबल वगैरे वाचून दाखवायला जायची. तिचा एडवर जीव जडला. तिने करवती आणि पिस्तुलं आत नेली, दोघं गज कापून निघाले, आणि तीही त्यांच्याबरोबर पळाली, बर्फात, घोड्याच्या गाडीतून, उत्तरेकडे. बटलर काउंटीत पोलिसांनी गाठलं, गोळीबार झाला, दोघं भाऊ मेले, केट वाचली आणि तिला स्वतःला तुरुंगात जावं लागलं. सासूबाईंना ही गोष्ट सांगितली तर त्यांचा पहिला प्रश्न, "आणि मुलांचं काय झालं गं?" बाकी सगळे एडबद्दल विचारतात.

जेल म्हणून ती जागा १९९५ पर्यंत चालली, एकशे नऊ वर्षं. मग नदीकाठी नवं जेल झालं आणि हे रिकामं पडलं. पाडायचं नव्हतं, १९७६ मध्येच कोर्ट आणि जेल दोन्हीला नॅशनल हिस्टॉरिक लँडमार्क केलेलं होतं, आणि जेलला दुसरं काय करणार, भिंती एवढ्या जाड आणि कोठड्या एवढ्या लहान. शेवटी आतून बराच भाग नव्याने करून २००० मध्ये तिथे कौटुंबिक न्यायालय आणलं. घटस्फोट, मुलांचा ताबा वगैरे. जेलच्या इमारतीत घटस्फोट, ह्यावर इथले वकील काय विनोद करत असतील ते तुम्हीच ठरवा. कोठड्यांचा एक भाग मात्र तसाच राखून छोटं म्युझियम केलंय. त्याच्या वेळा बदलत असतात, रोज उघडं नसतं, म्हणून जायच्या आधी फोन करूनच जा. कोठडीत उभं राहून दोन्ही हात पसरून बघा एकदा.

लहान मुलं बरोबर असतील तर वरचा क्रम उलटा करा, आधी जेल आणि पूल, मग चौक आणि डबा, आणि कोर्टाच्या आत फक्त जिना. माझ्या मुलाला मी एक काम दिलं होतं, कमानी मोजायच्या. दोनशेच्या पुढे गेल्यावर त्याने नाद सोडला. वयस्कर माणसं असतील तर जेलचा पूर्ण वळसा टाळा, त्या बाजूला उतार आहे, हंप कितीही कापला तरी टेकडी ती टेकडीच.

वेळ उरला आणि रिचर्डसन आवडला असेल तर नदीपलीकडे नॉर्थ साइडला त्याचंच एक छोटं चर्च आहे, इमॅन्युएल एपिस्कोपल, १८८६ चं, ते जरूर बघा. ह्याच वर्षांत, ह्याच माणसाने, पण साध्या विटांचं, एक मोठं उतरतं छप्पर आणि खाली तीन गोल कमानी, बस. लोक त्याला बेक ओव्हन चर्च म्हणतात, आणि खरंच बेकरीच्या भट्टीसारखं दिसतं. कोर्टाच्या सगळ्या थाटमाटानंतर ते बघितलं की कळतं ह्या माणसाला कमान एवढी का आवडायची. ह्या कोर्टाची नक्कल तर पुढे बऱ्याच ठिकाणी झाली, टोरांटोचं जुनं सिटी हॉल आणि मिनियापोलिसचं सिटी हॉल बघाल तर लगेच ओळखू येईल, तिथे राहणाऱ्या आपल्या लोकांनी एकदा फोटो समोर धरून ताडून बघा. नक्कल करणाऱ्यांनी टॉवर घेतला, कमानी घेतल्या, जेलची ती नुसती भिंत मात्र फार कोणी घेतली नाही.

परत जाताना फिफ्थ अ‍ॅव्हेन्यूच्या बाजूने जा. नुकताच पाऊस पडून गेला असेल तर तर जाच, ओल्या ग्रॅनाइटचा रंग अख्ख्या भिंतीवर गडद होतो आणि दगडादगडातला फरक तेव्हाच दिसतो, एक जास्त गुलाबी, शेजारचा करडा. बाबांनी त्या दिवशी तिथे परत सांधे बघायला सुरुवात केली आणि आमची ट्राम चुकली.